टॉवरला पैसा मिळतो, डीपीला कोण देणार?

प्रति,
विकास भागीदारी प्रशासन, परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
भारतीय निर्यात-आयात बँक, मुंबई

विषय : शेजारी आणि आफ्रिकी देशांतल्या वीजवाहिन्या, वीजप्रकल्प व रेल्वेमार्गांना भारत देत असलेली कर्जं आणि अनुदानं

स. न. वि. वि.

सोलापुरातून दिल्ली-मुंबईला जाणारी निवेदनं बहुतेक पाण्याची, विमानाची, नाहीतर एखाद्या गाडीच्या थांब्याची असतात. हे पत्र नेपाळ, बांगलादेश, भूतान आणि टांझानियाबद्दल आहे. सोलापूरकराला ही उठाठेव सांगितली कुणी, असं तुम्हाला वाटेल, म्हणून आधी माझा संबंध सांगतो. माझी सगळी नोकरी वीज वाहून नेण्याच्या खात्यात गेली. उपकेंद्रं, ब्रेकडाउन, शटडाउनची परमिटं यांतच केस पांढरे झाले. आणि ज्या कामासाठी तुम्ही शेजाऱ्यांना पैसे देता, म्हणजे दोन वेगळी वीजजाळी एकत्र जोडण्याचं काम, ते आपल्या देशात जिथे पुरं झालं ती जागा आमच्या गावाला लागून आहे.

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एकसंध झालं. त्याआधी दक्षिणेला बाहेरून वीज जातच नव्हती असं नाही. चंद्रपूरकडच्या भद्रावतीहून आणि ओडिशातल्या तालचेरहून डीसी (एकदिश प्रवाहाच्या) मार्गानं जात होती, पण मोजूनमापून, ठरल्या आकड्याइतकी. एकसंध जोडायचं तर दोन्हीकडची वारंवारिता, दाब (व्होल्टेज) आणि फेज एकाच क्षणी जुळावं लागतं. दोन बैलांची पावलं जुळली नाहीत तर जू मोडतं, तसलाच प्रकार. शिवाय दीडच वर्षापूर्वी, 30 आणि 31 जुलै 2012 ला, उत्तर, पूर्व आणि ईशान्येचं ग्रिड आडवं होऊन 60 कोटींच्या वर लोकांचा मुलूख अंधारात गेला होता. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागेल ही भीती खात्यात सगळ्यांच्याच मनात होती. तरीही जोडलं, आणि टिकलं. एक देश, एक ग्रिड म्हणून आज जे मिरवलं जातं त्याची शेवटची गाठ आमच्या माळरानावर बसली.

आता त्याच टॉवरखालची गोष्ट. वाहिनी ज्या शिवारांवरून जाते तिथल्या शेतीपंपांना थ्री-फेज वीज आठ तास, तीही आठवड्याची पाळी लावून. पाळी रात्रीची असली की बॅटरी घेऊन ऊस भिजवायला जायचं, पायाखाली साप की पाइप ते देव जाणे. आणि डीपी, म्हणजे शिवारातला वीज वाटणारा ट्रान्स्फॉर्मर, जळाली की खरा खेळ सुरू होतो. आधी ती जळाल्याचं वर कळवायचं. मग थकबाकी किती, जोडण्या किती, त्यावर हुज्जत. मग त्या डीपीवरचे शेतकरी वर्गणी काढतात, कुणाचा तरी ट्रॅक्टर निघतो, वायरमनच्या हातापाया पडून जळकी डीपी खाली उतरवली जाते आणि तेल गळत गळत ट्रॉलीतून दुरुस्तीला जाते. दुसरी मिळेपर्यंत डाळिंबाचं फूल गळून जातं. डोक्यावरून 765 केव्ही चाललेत आणि खाली 63 केव्हीएच्या डीपीसाठी ट्रॉली हिंडते आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शहरातही वेगळं नाही. पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल चालू असताना दोन सेकंद वीज लपकली तरी सगळे माग एकदम थांबतात, पुन्हा चालू केले की कापडावर आडवी रेघ उमटते आणि तो माल दुय्यम म्हणून विकावा लागतो. वाहिनीच्या उद्घाटनाच्या फोटोत ती रेघ दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तुमच्या परदेशातल्या कामांबद्दल आहे : तुमचा पैसा वाहिनीपाशी, धरणापाशी, रुळापाशी संपतो. जिथे एक जाळं दुसऱ्याला भेटतं तो सांधा, आणि जिथे वीज किंवा माल माणसाच्या हातात पडतो ते टोक, यांचा खर्च कुणाच्याच कर्जात धरलेला नसतो.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. सोलापूरला नळाला काही दिवसांआड पाणी, आणि हे टांझानियाची काळजी करतात. माझ्या घरातही हेच ऐकू येतं. पण आपणही घेतलेलं आहे. जागतिक बँकेनं आशियात दिलेलं पहिलं कर्ज 1949 चं, 3.4 कोटी डॉलरचं. ते भारताला मिळालं आणि तेही रेल्वेसाठी. एवढं लांब जायलाही नको. आमच्या दारावरून जाणाऱ्या दौंड–कलबुर्गी मार्गाचं दुहेरीकरण आणि पुणे–वाडी–गुंतकल मार्गाचं विद्युतीकरण या कामांत आशियाई विकास बँकेचं कर्ज आहे. क्रॉसिंगसाठी आउटरला ताटकळणारी गाडी आठवणाऱ्या प्रत्येक सोलापूरकराला त्या कर्जाचा उपयोग ठाऊक आहे, कर्ज कुणाचं ते ठाऊक नसलं तरी. तेव्हा देऊ नका असं मी म्हणत नाही. उलट नीट द्या म्हणतो.

नेपाळपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्हीच आहात. एक काळ काठमांडूत हिवाळ्यात दिवसाचे चौदा-चौदा तास भारनियमन असायचं. त्यावर उतारा म्हणून बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून नेपाळातल्या ढल्केबरला, सीमेपलीकडे जाणारी 400 केव्हीची वाहिनी उभी राहिली. फेब्रुवारी 2016 मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी तिचं उद्घाटन केलं. पण 400 केव्हीची ही वाहिनी त्या दिवशी चालू झाली 132 केव्हीवर, आणि तिच्यातून गेली 80 मेगावॉट. ढल्केबरला 400 केव्हीचं उपकेंद्रच तयार नव्हतं. ते होऊन वाहिनी पूर्ण दाबानं चालायला 2020 उजाडलं. वहनातल्या कुठल्याही ज्युनिअर इंजिनिअरला विचारा, टॉवर आधी आणि उपकेंद्र चार वर्षांनी याला काम म्हणत नाहीत. ढल्केबरहून पुढे नेपाळच्या आत वीज वाटणारी हेटौडा–ढल्केबर–दुहबी ही जागतिक बँकेच्या पैशाची वाहिनी तर टॉवरच्या जागेच्या मोबदल्यावरून वर्षानुवर्षं अडून राहिली. तिथल्या गावकऱ्यांना दोष देणाऱ्यांनी अक्कलकोट-दक्षिण सोलापुरात एक टॉवर उभा करून दाखवावा. पायाच्या जागेचे पैसे मिळतात, पण तारेखालच्या पट्ट्याचं काय, हा सवाल दोन्हीकडे एकच आहे.

तरी नेपाळचं उदाहरण शेवटी चांगल्याच खात्यात जातं. भारनियमन संपलं, आणि नोव्हेंबर 2021 पासून नेपाळ आपल्या वीजबाजारात वीज विकू लागला. सांधा बसला की घेणारा देणारा होतो, तो असा. मात्र तीच वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला जायला किती वर्षं गेली पाहा. आपल्या 2016 च्या नियमांत तिसऱ्या देशाला वीज नेण्याची वाट जवळजवळ बंदच होती, 2018 मध्ये ती मोकळी केली, आणि प्रत्यक्षात नेपाळची वीज बांगलादेशात पोचली नोव्हेंबर 2024 मध्ये. किती? 40 मेगावॉट. आमच्या जिल्ह्यातल्या एखाद-दोन साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांतून गाळपाच्या हंगामात एवढी निघते. तारा होत्या, पश्चिम बंगालातल्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेरामाराला जाणारी डीसी जोडणी 2013 पासून होती आणि 2018 मध्ये दुप्पट होऊन 1,000 मेगावॉटची झाली होती. अडलं होतं ते कागदावर, आणि कागद आपल्याकडे होता. मदतीच्या गप्पांत हा भाग कुणी काढत नाही.

बांगलादेशचंच दुसरं काम रामपालचं. तिथला औष्णिक प्रकल्प 1,320 मेगावॉटचा, 660 चे दोन संच. आमच्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा (केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचा) प्रकल्पही 1,320 मेगावॉटचा, 660 चे दोन संच. रामपालमध्ये एनटीपीसी निम्मी भागीदार, आणि 160 कोटी डॉलरचं कर्ज तुमच्या बँकेचं. पहिला संच डिसेंबर 2022 मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला आणि महिना होतो न होतो तोच, जानेवारी 2023 मध्ये, बंद पडला. यंत्र बिघडलं नव्हतं. कोळसा नव्हता. कोळसा बाहेरून आणायचा, त्याला डॉलर लागतात, डॉलरची चणचण आणि पतपत्र (आयातीच्या पैशाची बँकेची हमी) उघडेना. संच पुन्हा सुरू झाला, पण प्रश्न तुम्हाला आहे : एवढं कर्ज मंजूर करताना पहिल्या दोन वर्षांचा कोळसा कुठल्या चलनात येणार हे फाइलवर कुणी लिहिलं होतं का? आमच्याकडे कोळशाचा रेक उशिरा आला तर तो देशातल्या देशात उशिरा आलेला असतो, रुपये असतातच. त्यांचं तसं नाही. कर्जाचा हप्ताही डॉलरमध्ये आणि कोळसाही डॉलरमध्ये, म्हणजे एकाच खिशातून दोघांनी काढायचं.

रेल्वेबद्दल मी बाहेरचा माणूस, पण या जिल्ह्यात राहून गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, घोळ न कळणं अवघड आहे. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती अडीच फुटी. मुंबई–मद्रास मार्ग साडेपाच फुटी. दोन्हींची भेट कुर्डुवाडीला. पुढे ती छोटी गाडी पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली, वारकऱ्यांनी तिच्या टपावर बसून वाऱ्या केल्या, सगळं खरं. पण बार्शी-लातूरचं प्रत्येक पोतं कुर्डुवाडीला एका वॅगनीतून उतरून दुसरीत चढायचं. हमालांची पिढ्यान्‌पिढ्या सोय झाली, व्यापाऱ्याचा वेळ आणि माल दोन्ही सांडले. ब्रॉडगेज व्हायला शंभरावर वर्षं लागली.

आफ्रिकेत आज ठिकठिकाणी कुर्डुवाड्या बांधल्या जात आहेत. टांझानिया–झांबिया रेल्वे, 1,860 किलोमीटर, चीननं बिनव्याजी कर्जावर सत्तरच्या दशकात बांधली, कारण पाश्चात्त्यांनी हात वर केले होते आणि झांबियाच्या तांब्याला गोऱ्या राजवटींचा मुलूख टाळून समुद्र गाठायचा होता. हेतू उत्तम. तिचं माप झांबियाच्या रेल्वेशी जुळलं, टांझानियाच्या स्वतःच्या मीटरगेजशी जुळलं नाही. किडाटूला माल उतरवून चढवायची व्यवस्था करावी लागली. वर्षाला 20 लाख टन वाहील म्हणून बांधलेली ती रेल्वे तो आकडा कधीच गाठू शकली नाही, कारण इंजिनं आणि सुटे भाग यांची कायमची ओढाताण. केनियात 2017 मध्ये मोंबासा–नैरोबी स्टँडर्ड गेज रेल्वे झाली, तीही मुख्यतः चिनी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेच्या कर्जावर. ती युगांडाच्या सीमेला जायची होती. पुढचा पैसा आला नाही, आणि बरीच वर्षं ती नैवाशापाशी थांबून राहिली, तिथून पुढे जुनं मीटरगेज.

चीनला नावं ठेवणं सोपं आहे, दिल्लीत तर तो आवडता उद्योग. आपलं काय? 2007 मध्ये आपल्या राइट्सनं, म्हणजे रेल्वेच्या सरकारी सल्लागार कंपनीनं, 51 टक्के हिस्सा घेऊन टांझानियाची मीटरगेज रेल्वे 25 वर्षांच्या करारावर चालवायला घेतली. इंजिनांच्या तक्रारी, पगारावरून संप, आणि 2011 मध्ये करार गुंडाळला गेला. तिथून काय शिकलो याचा एखादा अहवाल असेल तर तो लोकांसमोर ठेवा. दुसऱ्याच्या रुळांवर गाडी चालवताना काय चुकतं हे सांगणारा त्याहून स्वस्त धडा मिळणार नाही, त्याचे पैसे भरून झालेलेच आहेत.

आपलं काही चांगलंही आहे, ते न सांगणं कोतेपणाचं होईल. पुल-ए-खुमरी ते काबूल ही 220 केव्हीची, 202 किलोमीटरची वाहिनी भारतानं सालंगच्या डोंगरातून ओढली. बर्फ, उंची, वर युद्ध चालू. 2009 मध्ये काबूलला उझबेकिस्तानची वीज मिळू लागली. मी वहनातला माणूस, मला या कामापुढे हात जोडावेसे वाटतात. पण हे काम का जमलं तेही बघा. सीमेकडचा तुकडा इतर देणगीदारांच्या पैशातून, डोंगरातला तुकडा आपला, आणि काबूलमधलं चिमतला उपकेंद्रही आपणच वाहिनीबरोबर बांधलं. म्हणजे सांधा धरला होता. ढल्केबरला जे राहिलं ते चिमतलाला राहिलं नाही, एवढाच फरक.

भूतानबद्दल थोडक्यात. चुखा हा 336 मेगावॉटचा प्रकल्प 60 टक्के अनुदान, 40 टक्के कर्ज या हिशेबानं झाला आणि दोघांचंही भलं झालं. पुढे प्रमाण उलटं होत गेलं, मांगदेछूला 30 टक्के अनुदान आणि 70 टक्के कर्ज. पुनात्सांगछू-1 हा 1,200 मेगावॉटचा प्रकल्प तर 2013 मध्ये धरणाच्या जागेचा डोंगर सरकल्यापासून रेंगाळला, खर्च वाढत गेला, आणि तो वाढीव खर्चही कर्जातच. डोंगर सरकला तर ज्यानं जागा सुचवली त्यानं किती सोसायचं आणि ज्यानं कर्ज घेतलं त्यानं किती, हे करारात आधीच लिहिलेलं असावं.

आता तुमच्या नियमाकडे येतो. पतपुरवठ्याच्या योजनेत साधारणपणे 75 टक्के माल आणि सेवा भारतातून घेण्याची अट आहे. बांधकामाच्या कामांत थोडी सवलत मिळते. निर्यात वाढावी हा हेतू आहे, तो चुकीचा नाही, ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं कारण नाही. कमी व्याजातला फरक सरकार बँकेला भरून देतं, म्हणजे तुम्ही-आम्ही भरतो, तेव्हा इथल्या कारखान्यांना काम मिळावं हे रास्तच. पण ही अट मोठी यंत्रं विकायला उपयोगी पडते, पाच वर्षांनी लागणारा एक बुशिंग, एक रिले असले छोटे सुटे भाग किंवा ट्रान्स्फॉर्मरचं तेल यांना नाही. ज्या देशात ट्रान्स्फॉर्मर रिवाइंड करणारा वर्कशॉप नाही तिथे भारतातून गेलेला ट्रान्स्फॉर्मर जळाला की तो कायमचा जळाला. सोलापुरात निदान ट्रॉली नेण्यासारखी जागा तरी आहे. माझी सूचना अशी की कर्जाचा एक ठरावीक भाग या अटीतून मोकळा ठेवून तिथल्या तिथे दुरुस्तीची सोय उभी करण्यावर घालावा, आणि माणसं तयार करण्यासाठी आयटेकचं (परदेशी लोकांसाठीच्या भारत सरकारच्या कार्यक्रमाचं) प्रशिक्षण, जे 1964 पासून चालू आहे, ते अधिकाऱ्यांपुरतं न ठेवता लाइनमनपर्यंत न्यावं. अधिकारी दिल्ली पाहून जातात. खांबावर चढणारा कधी येत नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे बाकीचे हात आखडते घेत आहेत. अमेरिकेची परदेशांना मदत देणारी संस्था यूएसएड 1 जुलै 2025 ला गुंडाळली गेली. तिच्याच पुढाकारानं चाललेल्या पॉवर आफ्रिकासारख्या, आफ्रिकेत वीज पोचवण्याच्या कामांकडे ज्या देशांचे डोळे लागले होते ते आता दुसरीकडे बघणार, आणि त्या दुसरीकडेमध्ये तुम्ही आहात. नेपाळला अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज निधीतून 50 कोटी डॉलर मंजूर झाले होते, त्यात 400 केव्हीची वाहिनी आणि न्यू बुटवलचं उपकेंद्र. 2017 मध्ये सही, 2022 मध्ये रस्त्यावरच्या निदर्शनांनंतर संसदेची मान्यता, 2025 मध्ये वॉशिंग्टनच्या एका आदेशानं काही काळ खीळ, मग पुन्हा चालू. न्यू बुटवलहून वाहिनी गोरखपूरला येणार आहे. म्हणजे अमेरिकेच्या तिजोरीत कुणाचा मूड बदलला तर त्याचा परिणाम उत्तर प्रदेशातल्या उपकेंद्रापर्यंत येतो.

म्हणून गोरखपूर–न्यू बुटवलपासूनच सुरुवात करा. या वाहिनीचं उद्घाटन कोण करणार याच्याशी मला कर्तव्य नाही. दोन्ही टोकांची उपकेंद्रं कधी पुरी होणार, न्यू बुटवलहून खाली उतरणाऱ्या वाहिन्यांची कामं कुठवर आली, त्यांना पैसा कुणाचा, आणि पहिल्या दिवशी वाहिनी किती दाबानं आणि किती मेगावॉटवर चालणार, एवढं तुमच्या संकेतस्थळावर नेपाळीत आणि हिंदीत लावा. ढल्केबरचं 132 केव्हीचं नाटक परत नको. मग हाच नमुना पुढच्या प्रत्येक कर्जाला जोडा, घाना असो की रवांडा. वाहिनीची किंमत, उपकेंद्राची किंमत, पहिल्या पाच वर्षांच्या सुट्या भागांची किंमत, इंधन लागत असेल तर ते कुठल्या चलनात, आणि खालच्या वितरणाला पैसे नसतील तर तसं स्पष्ट, अशा रकान्यांचा एक पानी तक्ता पुरे. तो भरताना एखादा रकाना रिकामा राहिला तर कर्ज थांबवा असंही मी म्हणत नाही. तो रिकामा आहे हे घेणाऱ्या देशाच्या लोकांना सहीच्या आधी दिसू द्या.

उत्तराची वाट पाहतो. इंग्रजीत आलं तरी चालेल, फक्त त्यात तारखा असाव्यात.

कळावे,
आपला,
वीज वहन खात्यातला एक निवृत्त अभियंता
सोलापूर